अँटिव्हायरस बदलला आणि मशीन निळं पडायला लागलं

ज्यांच्याकडे दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह येतात, म्हणजे डीटीपीवाले, झेरॉक्सवाले, फ्लेक्सवाले, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण मला गरज होती तेव्हा मराठीत धड काही सापडलं नाही आणि आजूबाजूचे सगळे एकच सांगत होते, फॉरमॅट मारा.

आमचं सदाशिव पेठेत डीटीपीचं छोटं ऑफिस आहे. दोन मशीन, एक लेझर प्रिंटर, आणि गणपती आले की दिवाळी अंकांची घाई सुरू. एका अंकाची पानं लावून होतायत तोवर दुसऱ्याच्या जाहिराती येतात, कुणी मेल करतं, कुणी व्हॉट्सॲपवर जेपीजी टाकतं (त्यांना काय बोलायचं), पण निम्मे लोक अजूनही पेनड्राइव्ह घेऊन जिना चढून येतात. त्या पेनड्राइव्हमध्ये काय काय निघतं ते आम्हालाच ठाऊक. तो शॉर्टकट व्हायरस आठवतोय का, पेनड्राइव्ह उघडावा तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले, आमच्याकडे तो अजून येतो बरं का. त्यामुळे अँटिव्हायरसवर पैसे खर्च करायचे की नाही हा प्रश्नच आमच्याकडे नसतो.

तर जुन्या अँटिव्हायरसचं लायसन संपत आलं होतं. रिन्यूअलची किंमत बघितली आणि डोकंच फिरलं, नवीन गिऱ्हाइकाला स्वस्त आणि इतकी वर्षं टिकलेल्याला महाग, हा कुठला न्याय. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत ज्याच्याकडून आम्ही टोनर घेतो त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीचा तीन मशीनचा पॅक त्याहून बऱ्याच कमी पैशांत मिळाला, घेतला. दोन्ही कंपन्यांची नावं लिहीत नाही. पुण्यात अँटिव्हायरसचा विषय निघाला की क्विक हीलचं नाव निघतंच, कैलास आणि संजय काटकर यांनी इथेच उभी केलेली कंपनी, म्हणून आधीच सांगून टाकते की या दोन्हींत ती नाही.

जुनं कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल केलं, नवीन टाकलं, हिरवी खूण आली, संपला विषय. असं वाटलं.

मग एका दुपारी जाहिरातवाला पेनड्राइव्ह घेऊन आला, मी तो लावला, आणि स्क्रीन निळा. तो दुःखी चेहरा, खाली क्यूआर कोड, आणि मी काही वाचायच्या आत मशीन आपोआप रिस्टार्ट. लाइटचा झटका असेल म्हणून सोडून दिलं, आमच्याकडे गुरुवारी लाइटचं काही ना काही चालूच असतं. पण नंतर पुन्हा झालं. कधी पेनड्राइव्ह लावल्यावर, कधी मोठी फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकताना, आणि कधी तासन् तास काही नाही, इतकं शहाण्यासारखं चालायचं की वाटावं झालं बरं. ऐन पानं लावताना गेलं की शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं परत. इनडिझाइन बिचारं बरंच रिकव्हर करतं पण जुन्या पेजमेकरच्या फाइलींचं तसं नाही, आणि हो, आमच्याकडे अजून पेजमेकरमध्ये काम करणारे संपादक आहेत, हसू नका.

आमचा हार्डवेअरवाला आला. मशीन उघडलं, रॅम काढली, खिशातून खोडरबर काढलं आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या घासल्या. ही खोडरबराची विद्या थट्टेची नाही हां, पावसाळ्यात त्या पट्ट्यांवर थर चढतो आणि खरंच कितीतरी मशीन नुसत्या तेवढ्याने चालू होतात. पंख्यातली धूळ उडवली, एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलून बघितला. तो जिना उतरून गाडीला किक मारतोय तोच मी पेनड्राइव्ह लावला आणि परत निळं. खिडकीतून हाक मारली तर खालूनच म्हणाला, "ताई, मग फॉरमॅटच. विंडोज टेनचा सपोर्ट तसाही ऑक्टोबरात संपतोय, इलेव्हन टाका, नाहीतर नवीन मशीनच घ्या."

सपोर्टचं तो बरोबर बोलत होता, १४ ऑक्टोबर २०२५ ही मायक्रोसॉफ्टची तारीख होती. पण दिवाळी अंकाच्या हंगामात डीटीपीचं मशीन फॉरमॅट करायचं म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार. युनिकोडच्या आधीचे शेकडो फॉन्ट, त्यातले निम्मे कुठल्या सीडीतून आले ते आता आठवत नाही, फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ते चालायला मशीनला लावावी लागणारी लायसनची किल्ली) आणि त्याचा ड्रायव्हर (विंडोजच्या आत बसून काम करणारा छोटा प्रोग्रॅम), जुन्या कोरलचं ॲक्टिव्हेशन, प्रिंटरची सेटिंग, कीबोर्डचे लेआउट. फॉरमॅट तासाभरात होतं, पण नंतर एखाद्या जुन्या फाइलमधला एक जोडाक्षर-फॉन्ट मिळाला नाही की अख्ख्या अंकात चौकोन चौकोन. म्हणून ठरवलं की कारण कळल्याशिवाय फॉरमॅट नाही.

पहिलं काम केलं ते निळा स्क्रीन थांबवायचं, म्हणजे वाचता तरी येईल. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅब, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथे ऑटोमॅटिकली रिस्टार्ट अशी टिक असते ती काढली. त्याच खिडकीत मेमरी डंप, म्हणजे कोसळताना मशीनने करून ठेवायची नोंद, लिहायचा की नाही तेही असतं, ते स्मॉल मेमरी डंपवर ठेवलं. हे फार महत्त्वाचं आहे ते पुढे कळेल. आता निळा स्क्रीन आला की तसाच उभा राहायचा आणि मी मोबाइलवर फोटो काढायचे. गंमत म्हणजे दर वेळी कोड वेगळा, एकदा सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. हार्डवेअरवाल्याला फोटो पाठवले तर म्हणाला कोड बदलतायत म्हणजे रॅमच. पण एक गोष्ट बदलत नव्हती. खाली व्हॉट फेल्ड असं लिहून एका फाइलचं नाव यायचं, एफएलटीएमजीआर डॉट एसवायएस, आणि ते बहुतेक फोटोंत तेच.

तरी रॅमचा संशय मिटवायला मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर लावून ठेवलं, सकाळी एकही एरर नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोने एसएसडी गुड दाखवली. एसएफसी स्कॅननाऊ मारलं, डिझमची रिस्टोअर हेल्थवाली कमांड मारली, विंडोजच्या फाइली ठीक. हे सगळं करावं लागतं म्हणून केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरा धागा मिळाला तो रिलायबिलिटी हिस्टरीत. ही चीज विंडोजमध्ये कधीपासून आहे आणि कुणीच वापरत नाही. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी असं टाइप केलं की येते. दिवसांचे उभे रकाने असतात, ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली, आणि त्याच दिवशी कुठलं सॉफ्टवेअर आलं, गेलं, कुठला अपडेट बसला तेही खाली दिसतं. आमच्या मशीनची मागची सगळी पाटी कोरी, आणि अँटिव्हायरस बदलला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लाल फुल्या. मी स्क्रीनशॉट काढला आणि आमच्या ह्यांना दाखवला. हे म्हणाले, त्याच आठवड्यात विंडोजचा अपडेटपण आलाय की, तो कशावरून नाही. वकिली डोकं. पण मुद्दा बरोबर होता, मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात आणि तो त्या वेळी आलाच होता. तो अपडेट काढला, अपडेट पॉज केले. तरी निळं.

मग नवीन अँटिव्हायरस काढला. तो काढल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो, दुसरा अँटिव्हायरस आला की तो मागे सरतो आणि गेला की परत पुढे येतो, त्यामुळे मशीन उघडं पडत नाही, तेवढी चिंता करू नका. मला वाटलं आता सुटलो. पेनड्राइव्ह लावला. निळं.

इथे खरं तर मीच ढिली पडले. बदललेली गोष्ट काढून टाकली तरी दुखणं तसंच, म्हणजे अँटिव्हायरसचा काही संबंध नाही असंच कुणीही म्हणेल, आणि हार्डवेअरवाला तर म्हणालाच, "बघा, मी सांगत होतो." डोंगलचा संशय घेतला, कारण त्याचाही ड्रायव्हर असतो आणि तो बराच जुना होता. डोंगल काढला, ड्रायव्हर काढला, मशीन एक दिवस बरं चाललं आणि संध्याकाळी एका कवीचा पेनड्राइव्ह लावल्यावर गेलं. कवींचं काय सांगू, ते आधीच पान नंबर कुठला म्हणून विचारत उभे.

शेवटी भाच्याला फोन केला. तो हिंजवडीत आहे. "मावशी, मी जावा लिहितो गं, मला विंडोजचे ड्रायव्हर काय माहीत," हे त्याचं पहिलं वाक्य. पण मी म्हटलं मशीन क्रॅश होताना काहीतरी लिहून ठेवतं ना ते तरी वाचून दे. तेव्हा तो म्हणाला हां, डंप असेल, सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप नावाचं फोल्डर बघ. बघितलं तर तिथे तारखेच्या नावाने फाइली ओळीने पडलेल्या, प्रत्येक निळ्या स्क्रीनची एक. इतके दिवस सगळे माझ्या मशीनचं निदान बाहेरून करत होते आणि मशीनने स्वतः दर वेळी जबाब लिहून ठेवला होता!

या फाइली नुसत्या उघडत नाहीत. निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवलं की वर क्रॅशची यादी आणि खाली त्या वेळी मेमरीत असलेले ड्रायव्हर येतात. वरच्या यादीत कॉज्ड बाय ड्रायव्हर या रकान्यात परत तेच एफएलटीएमजीआर. मी इंटरनेटवर शोधलं तर ते मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं, फिल्टर मॅनेजर. इथे बहुतेक लोक विंडोजच खराब झालंय असं धरून फॉरमॅटकडे वळतात. पण खालच्या यादीत बघायचं असतं. क्रॅशच्या क्षणी ज्यांचं काम चालू होतं ते ड्रायव्हर तिथे गुलाबी रंगात दिसतात. फिल्टर मॅनेजर गुलाबी होता, विंडोजचे अजून एकदोन, आणि त्यांच्यात एक भलतंच नाव, पाचसहा अक्षरं, काही अर्थ लागेना. दर डंपमध्ये तेच. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स असं आत जाऊन ती फाइल शोधली, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. कंपनीचं नाव वाचलं आणि दोन मिनिटं तशीच बसले. जुना अँटिव्हायरस. जो काढून टाकला होता तो. ॲप्सच्या यादीत त्याचं नावनिशाण नाही, घड्याळाजवळ आयकॉन नाही, प्रोग्रॅम फाइल्समध्ये फोल्डर नाही, आणि ड्रायव्हर मात्र रोज सकाळी मशीनबरोबर हजर.

भाच्याला डंप पाठवला, त्याने मायक्रोसॉफ्टच्या विनडीबगमध्ये घालून तेच सांगितलं. मग त्यालाच रस आला, रात्री बसून वाचून काढलं आणि मला समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते. सरकारी ऑफिसात फाइल जशी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, तशी विंडोजमध्ये कुठलीही फाइल उघडताना किंवा लिहिताना ती विनंती खाली डिस्कपर्यंत जाताना वाटेत काही ड्रायव्हरांच्या हातून जाते. यांना फिल्टर ड्रायव्हर म्हणतात, अँटिव्हायरसचं टेबल यातच असतं, आणि फाइल कुणाकडे आधी कुणाकडे नंतर हे ठरवणारा तो फिल्टर मॅनेजर. आमच्याकडे जुन्या अँटिव्हायरसचं सगळं ऑफिस उठून गेलं होतं पण त्याचं एक टेबल तसंच राहिलेलं, आणि फिल्टर मॅनेजर इमानदारीत प्रत्येक फाइल त्या टेबलावर पाठवतोय. नवीन ड्राइव्ह लागला की हे फिल्टर त्या ड्राइव्हला जाऊन चिकटतात, म्हणून पेनड्राइव्ह लावला की तोच क्षण घाताचा. नवीन अँटिव्हायरस काढून काही उपयोग का झाला नाही तेही यात आलं, तो बिचारा यात नव्हताच.

आणि हे ड्रायव्हर चालतात विंडोजच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात. कोरल अडकलं तर कोरल बंद पडतं, बाकी चालू राहतं. कर्नलमध्ये एखादा ड्रायव्हर चुकीच्या मेमरीत घुसला तर विंडोज मुद्दाम स्वतःला थांबवतं, पुढे जाऊन डिस्कवर वेडंवाकडं काही लिहिलं जाऊ नये म्हणून. म्हणजे तो निळा स्क्रीन आपल्या फाइली वाचवायलाच येतो, वेळ वाईट निवडतो एवढंच.

हे फक्त आमच्यासारख्यांचंच होतं असं नाही. १९ जुलै २०२४ आठवतो का, विमानतळांवर गोंधळ, आपल्याकडे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास? ते क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने झालं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, आणि सुरुवातीला उपाय काय, तर एकेका मशीनपाशी जाऊन सेफ मोडमध्ये (विंडोज गरजेपुरतंच चालू होतं तो प्रकार) ती एक फाइल उडवायची. त्याच्याही आधी जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषांवर अपडेट आले, तेव्हा काही अँटिव्हायरस कर्नलच्या मेमरीत नको तिथे हात घालत होते आणि अपडेटनंतर त्यांच्यामुळे निळे स्क्रीन येत होते, म्हणून मायक्रोसॉफ्टने अटच घातली की अँटिव्हायरसने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, ठरलेली खूण ठेवली असेल तरच अपडेट मिळेल. भाचा म्हणाला आता मायक्रोसॉफ्ट अँटिव्हायरसवाल्यांना कर्नलच्या बाहेर काढायच्या मागे लागलंय. लागू दे. आणि नव्या विंडोज इलेव्हनमध्ये हा स्क्रीन निळ्याचा काळा केलाय म्हणे, म्हणजे आमचं दुखणं त्यांनी रंग बदलून बरं केलं.

आता काढायचं कसं. आधी खात्री करायची एक सोपी कमांड भाच्याने दिली, ती प्रत्येकाने लिहून ठेवावी. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि टाइप करायचं एफएलटीएमसी, एंटर. मशीनमध्ये आत्ता कुठले फिल्टर बसलेत त्यांची यादी येते, पुढे अल्टिट्यूड नावाचा एक आकडा. हा आकडा म्हणजे वरून खाली कितव्या नंबरला बसायचं, आणि तो मायक्रोसॉफ्ट वाटून देतं, अँटिव्हायरसवाल्यांना ३ लाख २० हजारांपासून पुढचा पट्टा. डिफेंडरचा डब्ल्यूडीफिल्टर ३२८०१० वर असतो. त्या पट्ट्यात डिफेंडर सोडून अजून कुणी दिसलं आणि तुमच्याकडे दुसरा अँटिव्हायरस नाहीये, तर तो पाहुणा कोण ते बघा. मायक्रोसॉफ्टने नावांची आणि कंपन्यांची यादीपण जाहीर ठेवलीय, नाव त्यात शोधलं की कंपनी कळते. आमचा पाहुणा तिथे बसलेलाच होता.

भाचा म्हणाला फाइल हाताने डिलीट करू नकोस. एक तर चालू मशीनमध्ये ती होत नाही, अँटिव्हायरस स्वतःच्या फाइली आणि रजिस्ट्री राखून ठेवतो कारण व्हायरसचं पहिलं काम त्यालाच मारणं असतं, आणि दुसरं, फाइल गेली आणि रजिस्ट्रीतली नोंद राहिली तर मशीन चालूच न व्हायची भीती. बहुतेक मोठ्या अँटिव्हायरस कंपन्यांचं वेगळं रिमूव्हल टूल असतं, कंपनीच्या साइटवर सपोर्टच्या कोपऱ्यात कुठेतरी. कुठेतरी म्हणजे खरंच कुठेतरी, विकत घ्यायचं बटण दर पानावर आणि काढायचं टूल शोधायला चार पानं. दुसऱ्या कुठल्या साइटवरून ते घेऊ नका, त्या नावाने काय काय पसरवतात लोक.

टूल सेफ मोडमध्ये चालवायचं. पूर्वी एफ८ दाबलं की सेफ मोड यायचा, ते दिवस गेले. आता शिफ्ट दाबून धरायचं आणि रिस्टार्टवर क्लिक करायचं, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि यादी आली की ४. स्क्रीन मोठ्या मोठ्या अक्षरांत आला, कोपऱ्यांत सेफ मोड लिहिलेलं. टूल चालवलं, त्याने कंपनीची कुठली कुठली उत्पादनं काढू म्हणून विचारलं, मुकाट्याने काम केलं आणि रिस्टार्ट मागितलं.

चालू झाल्यावर सगळ्यात आधी एफएलटीएमसी. पाहुणा गेला होता. मग ऑफिसात जेवढे पेनड्राइव्ह पडले होते तेवढे सगळे, लोक विसरून जातात ते एका डब्यात असतात आमच्याकडे, एकामागून एक लावले. काही नाही. बाहेरच्या हार्ड डिस्कवर अख्खा गेल्या वर्षीचा अंक कॉपी केला. काही नाही. एक शेपूट राहिलं होतं, नेटवर्क कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये त्या जुन्या कंपनीच्या नावाची एक ओळ टिक करून बसलेली, इंटरनेटवर नजर ठेवणारा त्यांचा वेगळा फिल्टर. ती ओळ निवडून अनइन्स्टॉल केली. प्रिंटर नेटवर्कवर मधूनमधून गायब व्हायचा तोही त्यानंतर झाला नाही, त्याचा याच्याशी संबंध जोडायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी जोडते.

हे असं अर्धवट राहिलं कसं याचा भाच्याने तारखा जुळवून काढलेला तर्क मला पटतो. जुन्याच्या अनइन्स्टॉलरचं शेवटचं काम रिस्टार्टनंतर व्हायचं होतं. त्या दिवशी मशीन संध्याकाळी रोजच्यासारखं शटडाउन झालं आणि सकाळी चालू झालं. आता कुठल्याही माणसाला वाटेल की बंद करून चालू करणं हेच रिस्टार्ट, नव्हे त्याहून जास्तच. पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, त्यात शटडाउन करताना कर्नल जसंच्या तसं डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तेच उचलून परत ठेवतात. ड्रायव्हर रात्री होते तसेच. खरं कोरं सुरू व्हायचं असेल तर रिस्टार्टच करावं लागतं. म्हणजे बंद केलेलं मशीन पूर्ण बंद नाही आणि रिस्टार्ट केलेलं मात्र पूर्ण बंद होऊन चालू, हे ज्याने ठरवलं त्याला एकदा आमच्या ऑफिसात आणून बसवायला पाहिजे. त्यावर नवीन अँटिव्हायरसच्या सेटअपला जुन्याचे अवशेष सापडले आणि त्याने ते आपल्या पद्धतीने साफ केले, त्यात जुन्याचा अनइन्स्टॉलरच उडाला आणि ड्रायव्हर मागे राहिला. फास्ट स्टार्टअप मी पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बंद करून टाकलं, एसएसडीवर पाचदहा सेकंदांनी काय फरक पडतो.

तपकीर गल्लीत टोनर आणायला गेले तेव्हा दुकानदाराला सांगितलं की बाबा पॅक विकताना जुनं नीट काढा एवढं तरी सांगत जा. तो म्हणाला, "ताई, आम्ही टाकायचं विकतो, काढायचं कुणी विचारतच नाही." त्याचंही खरं. त्याच्यामागे पॅकची थप्पी छतापर्यंत.

नवीन अँटिव्हायरस परत टाकला, पैसे भरलेत तर वापरणार. पण माझं मत विचाराल तर ज्यांच्याकडे बाहेरचे पेनड्राइव्ह येत नाहीत आणि जे मिळेल ते डाउनलोड करत नाहीत त्यांना डिफेंडर पुरतो, तो अपडेट होत असला म्हणजे झालं. आमच्यासारख्यांना दुसरा हवा असेल तर असू दे, पण एका वेळी एकच.

दुसऱ्या मशीनवर तर कधी निळा स्क्रीन आलाच नव्हता. तरी म्हटलं बघू, एफएलटीएमसी मारलं, तर तोच जुना ड्रायव्हर तिथेही बसलेला! त्या मशीनवर पेनड्राइव्ह फारसे लागत नाहीत, नुसती कंपोझिंगची टायपिंग असते, म्हणून तो गप्प होता. त्यालाही तसंच सेफ मोडमधून काढलं, ते काम सुरळीत झालं.

पॅकमधलं तिसरं लायसन आमच्या ह्यांच्या लॅपटॉपवर टाकायचं ठरलं, त्यात विंडोज इलेव्हन आणि विकत घेतानाच आलेला ट्रायल अँटिव्हायरस, म्हणजे परत तेच टूल, तोच सेफ मोड. शिफ्ट रिस्टार्ट केलं तर निळाच स्क्रीन पण वेगळा, बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची, रिकव्हरी की टाका म्हणून. हे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच लॅपटॉप गहाण टाकला. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आधीच एन्क्रिप्ट असते आणि असं आत शिरायला गेलं की ती ४८ आकडी की मागू शकते, म्हणून सेफ मोडच्या आधी ती हाताशी ठेवा. की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये साठवलेली असते, लॅपटॉप पहिल्यांदा ज्याच्या अकाउंटने सेट केला त्याच्या. ह्यांचा लॅपटॉप दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने सेट करून दिला होता. तो मीटिंगमध्ये होता, बाहेर येऊन त्याने सहासहाचे गट करून आकडे वाचून दाखवले, मी टाइप केले, आणि सातव्या गटाला त्याने विचारलं, "मावशी, अजून किती मशीन आहेत गं तुमच्याकडे?"